मामाजींचा फॉर्म

पाठीच्या दवाखान्यात मला नोकरी लागली ती पाठीच्या ज्ञानामुळे नाही, गाद्यांच्या ज्ञानामुळे. त्याआधी सात वर्षं मी नागपुरातल्या महाल भागात एका गाद्यांच्या दुकानात होतो. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं आणि त्याच्या कमरेखाली हात घालून पाहायचा. हात गेला तर 'बघा, किती मऊ', नाही गेला तर 'बघा, किती आधार'. पुढे लोक फोनवरून गाद्या मागवायला लागले, गुंडाळी केलेली गादी खोक्यातून घरपोच यायला लागली आणि मालकानं दुकानाचं शटर कायमचं ओढलं. दवाखान्याच्या मुलाखतीत सरांनी विचारलं, "पेशंट कधी हाताळलेत?" मी म्हणालो, "सर, सात वर्षं माणसं आडवीच करून राहिलो." ते हसले. समोरचा हसला की आपण जिंकलो, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. त्या समजुतीवर मी बरीच वर्षं आरामात काढली.

सर मणके हातानं जागेवर बसवत. बाहेरच्या देशात शिकून आले होते. पाटीवर कायरोप्रॅक्टिक असं लांबलचक लिहिलं होतं, पण पाटी वाचून कोणी येत नसे. लोक मोबाइलवर व्हिडिओ पाहून येत आणि दारातूनच विचारत, "तो कट् आवाज इथंच निघते न?" आवाज निघाला की माणूस बरा. नाही निघाला तर तोंड पाडून बसायचा. एकदा एक बाई सरांशी भांडल्या, "माह्या जावेचे चार निघाले, अन् माहे दोनच काहून?"

माझं काम सांगायला सोपं होतं. सकाळी दवाखाना उघडायचा, टेबलं स्पिरिटनं पुसायची. टेबलाच्या डोक्याकडे तोंड ठेवायला भोक असतं, त्यावर दर पेशंटला नवा कागद अंथरायचा. शेकायच्या पिशव्या गरम पाण्यात टाकून ठेवायच्या. वजन घ्यायचं, रक्तदाब पाहायचा, फॉर्म भरायचा. मग पेशंटला पालथं झोपवून त्याच्या दोन्ही टाचा हातात धरायच्या, जोडून पाहायच्या आणि सर आत आले की सांगायचं, "डावा पाय अर्धा इंच आखूड." सर 'श्वास सोडा' म्हणाले की मी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून बारका माइक टेबलाच्या कडेला धरून उभा. आवाज रेकॉर्ड झाला नाही तर पेशंटचं निम्मं दुखणं त्याच्याबरोबर घरी परत जायचं. शेवटी त्याला कुशीवर वळवून बसवायचं आणि म्हणायचं, "एक मिनिट उठू नका, चक्कर येईल." तो लगेच उठायचा.

टेबलाला खाली पायानं दाबायची एक पट्टी होती. ती दाबली की कमरेखालचा भाग धाडकन इंचभर खाली पडायचा. सरांच्या झटक्याला त्याची साथ लागते. पहिल्याच आठवड्यात मी शेकायची पिशवी काढता काढता त्या पट्टीवर उभा राहिलो. टेबलावर तहसील कचेरीतले एक कारकून पालथे पडलेले, सर बाहेर फोनवर. धाड! कारकून भोकातून ओरडले, "झालं का?" आता काय सांगणार? मी म्हणालो, "झालं." ते उठले, मान डावी-उजवी फिरवली, "मस्त वाटून राहिलं गा," म्हणाले आणि निघूनही गेले. सर आत आले तर टेबल रिकामं. हा किस्सा मी दोन वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितला आणि दर वेळी लोकांच्या हातातला घास खाली राहिला.

त्या सगळ्या कामात एकच भाग असा होता ज्यात गंमत नव्हती. फॉर्मच्या मागच्या पानावर एक लाल चौकट होती. तिच्यात सात प्रश्न. दुखण्यानं झोपमोड होते का, कारण नसताना वजन उतरलं का, ताप येतो का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, लघवी अडकते का, असे. यातल्या एकाला जरी 'हो' आलं तरी सर त्या माणसाला हात लावत नसत; चिठ्ठी देऊन सरळ मोठ्या इस्पितळात पाठवत. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं होतं, "बाकी फॉर्म पेशंटनं भरला तरी चालेल. ही चौकट तुम्ही तोंडानं विचारायची. एकेक प्रश्न. माणूस कागद वाचत नाही, सही करतो."

आणि मी विचारायचो. बायकांना विचारायला रिसेप्शनवरच्या ताई होत्या, पुरुष माझ्याकडे. माझ्याच शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक आले, त्यांनाही विचारलं, "सर, लघवी अडकते का?" ज्यांनी मला लघवीला जायची परवानगी नाकारली होती, त्यांना हे विचारताना मला तर जरा मजाच आली. त्या चौकटीमुळे आम्ही काही जणांना परत पाठवलं. त्यातला एक जण पुढे पेढे घेऊन आला. मणक्यात गाठ निघाली होती आणि वेळेत निघाली होती. पेढे मीच वाटले. म्हणजे ती चौकट कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

माझी सासुरवाडी उमरेडची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टँडपर्यंत चालत जायचे, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांत बसायचे, कोणती गाडी किती उशिरा सुटली यावर मत द्यायचे आणि चालत परत यायचे. दिवसातलं त्यांचं तेवढंच राज्य. माझ्याशी ते दोन-तीन वाक्यांपलीकडे बोलत नसत, आणि ते रागानं नव्हे, मानानं. त्यांच्या घरात सासऱ्यानं जावयासमोर बनियनवर यायचं नसतं, पाय पसरून बसायचं नसतं. लग्नात याच माणसानं परातीत माझे पाय धुतले होते आणि आपल्या उपरण्यानं पुसले होते. मला गुदगुल्या झाल्या म्हणून मी हसलो होतो. व्हिडिओत दिसतं ते.

गाद्या विकणारा जावई त्यांनी पचवला होता, पण पांढऱ्या कोटातला जावई त्यांना आवडला. कोट शिंप्याकडून मी स्वतःच शिवून घेतला होता. नोकरीत त्याची गरज नव्हती. एका रविवारी उमरेडला जेवताना मामाजी पाटावरून उठताना भिंतीला हात लावून उठले. मी घास गिळायच्या आत बोललो, "आणा न त्याईले आमच्या दवाखान्यात एकदा. दोन मिनिटांचं काम हाय."

सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू तं आता डाक्टरच झाले म्हना."

मी नाही म्हणालो नाही. वरण वाढून घेतलं.

दोन आठवड्यांनी दोघं एसटीनं आले. बसायला जागा असूनही मामाजी उभ्यानं आले होते, बसलं की कळ यायची म्हणून. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि शेजारच्या बाईला कोट दाखवायला लागल्या. मी मामाजींना आतल्या खोलीत नेलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"थोडं विचारा लागते, मामाजी."

"इचारा न, जवाईबापू."

पहिलं पान झरझर झालं. दुखणं कधीपासून, दीड महिना. पायात उतरतं का, उतरतं. साखर नाही, रक्तदाब थोडा. पान उलटलं. लाल चौकट आली.

मी पेन उचललं. मामाजी टोपीची कड बोटांनी गोल गोल फिरवत होते. मला वाटतं, त्यांनी ती चौकट उलटी वाचली असावी. ड्रायव्हरची नजर होती. मी खाकरलो.

"बाकी... तब्येत बरी न?"

"बरी."

"म्हणजे खाणंपिणं... अन् हे सगळं..."

"सगळं बरं हाय."

'हे सगळं' या दोन शब्दांत मी सात प्रश्न कोंबले. मग खाली मान घालून सातही ठिकाणी 'नाही' लिहिलं. अक्षर माझं छान आहे. सगळे 'नाही' एकाखाली एक सरळ रेषेत आले. मी फॉर्म फिरवून पुढे केला. मामाजींनी कागद जवळ ओढला नाही, वाचलं नाही, पूर्ण नाव लिहून सही केली. हाच माणूस हवा-पाणी स्वतः पाहिल्याशिवाय डेपोतून गाडी बाहेर काढत नसे. पण हा कागद जावयाच्या हातचा होता.

टेबलावर ते पालथे झाले तेव्हा नवीनच अडचण. मी टाचा धरायला गेलो तर त्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले, पोहायला शिकणाऱ्या माणसासारखे. भोकातून आवाज आला, "पाय राहू द्या, जवाईबापू. साहेब पाह्यतीन."

"अहो, हे माझं कामच हाय."

"हाय न. बाकीच्याईचे पाहा. माहे राहू द्या."

मी राहू दिले. सर आत आल्यावर म्हणालो, "दोन्ही सारखे." सरांनी फॉर्म उलटून पाहिला, चौकटीवरून बोट फिरवलं आणि पाठीवर हात ठेवला. "श्वास सोडा." मी माइक धरला. तसला आवाज आमच्या दवाखान्यात क्वचितच निघाला असेल. बाहेर सासूबाईंनाही ऐकू आला. मामाजी उठून बसले, मिनिटभर स्वतःशीच काही तपासल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हलकं वाटून राहिलं." मी तो व्हिडिओ तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. मेव्हण्यानं लिहिलं, 'जिजाजी, मान गये.' मी त्या दिवशी दोन वेळा उघडून ते वाचलं. दोन काय, जास्तच.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमरेडहून सासूबाईंचा फोन. "जवाईबापू, हे खुर्चीवरून उठून नाही राहिले. पाय माहे नाहीत म्हणतात."

गाडी करून त्यांना नागपूरला आणलं. इस्पितळाच्या वॉर्डात आठ खाटा, प्रत्येकीभोवती नातेवाईक, एक बाई फरशी पुसत होती. पंचविशीतली नर्स कार्ड घेऊन घाईनं आली आणि चालता चालताच विचारलं, "बाबाजी, पेशाब बरोबर होते का?"

मामाजी लगेच म्हणाले, "नाही वं माय. आठ-दहा दिवस झाले, अडकून राहिली. जोर लावा लागते."

"बसायच्या जागी हात लावलेला कळते का?"

"बधिर हाय. पह्यलेपासूनच."

कार्डावर तिनं खुणा केल्या आणि ती पळतच गेली. पाव मिनिट लागलं असेल. तिचा आवाज खणखणीत होता. फरशी पुसणाऱ्या बाईनंही ऐकलं असेल. कोणाचं काही बिघडलं नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. चादरीबाहेर मामाजींची पावलं होती आणि ती आता त्यांना माझ्यापासून ओढून घेता येत नव्हती.

संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं. मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांवर बसली होती. गादी! सात वर्षं विकत होतो मी. हा विनोद मला तिथल्या व्हरांड्यातच सुचला आणि सुचला म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. सर्जननं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "कालच्या झटक्यानं झालं की होणारच होतं, ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण लघवी अडकायला लागली त्या दिवशीच यायला हवं होतं. काल आले असते तरी फरक पडला असता."

काल ते नागपुरात होते. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, टोपी फिरवत.

दवाखान्यात सरांनी फॉर्म काढून टेबलावर ठेवला होता. ते मला एकदम म्हातारे वाटले. "सगळं 'नाही' आहे," ते म्हणाले. "सही आहे. त्यांनी लपवलं." मग माझ्याकडे न पाहता, "तुम्ही विचारलं होतं ना?"

"हो सर."

सरांनी फॉर्म फाइलमध्ये लावला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही. प्रश्न न विचारण्यात मी तोवर तयार झालो होतो.

तर असं ठरलं. म्हाताऱ्यानं लाजेपायी लपवलं. घरात, नात्यात, उमरेडच्या बसस्टँडवर, सगळीकडे हेच ठरलं. माझ्या बायकोनंही बापाच्या उशाशी बसून रडत विचारलं, "काहून नाही सांगितलं बाबा?" मामाजी भिंतीकडे पाहून म्हणाले, "चुकलं." मी त्याच खोलीत सफरचंद कापत होतो. फोडी अगदी सारख्या केल्या.

पाय थोडे परत आले. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालणं होतं. लघवीची नळी मात्र राहिली. आणि सासूबाईंचं बोलणं राहिलं. आम्ही रविवारी गेलो की त्या मला वाढता वाढता त्यांना सुनवायच्या, "एवढा घरचा माणूस समोर बसून, कागद घेऊन इचारून राहिला, अन् हे मुके! काय अब्रू जात होती? आता नळी घेऊन बसले, गेली का अब्रू?" मामाजी मान खाली घालून जेवायचे. एकदाही, मी सांगतो एकदाही, त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. जावयाला त्याच्या बायकोच्या माहेरी खाली पाहायला लावायचं नसतं. ज्या रीतीपायी मी विचारलं नाही, त्याच रीतीपायी ते बोलत नव्हते. फरक एवढाच की माझी रीत पाव मिनिटात संपली आणि त्यांची रोज दोन वेळा ताटावर येत होती.

नोकरी अजून तीच आहे. आता मी ती चौकट इतक्या मोठ्यानं विचारतो की बाहेर बसलेले दचकतात. कोट घालत नाही. कारकुनाचा किस्साही सांगत नाही. सांगायला गेलो होतो एकदा, पण 'झालं' या शब्दाशी अडकलो.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी एकटाच उमरेडला गेलो. बायकोला ऑफिसचं काम होतं. जेवणं झाली होती. मामाजी ओसरीवर खुर्चीत, मी समोरच्या बाजेवर. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पुन्हा तेच सुरू झालं, घरचा माणूस, कागद, मुके. मी काही ठरवून गेलो नव्हतो. मी म्हणालो, "मामी, त्याईले मी विचारलंच नव्हतं."

"काय?"

"लघवीचं. मी विचारलंच नाही. मले लाज वाटली. सगळं मीच लिहिलं अन् सही घेतली."

 सासूबाईंनी तांब्या अलगद खाली ठेवला आणि आत गेल्या.

माझ्या छातीवरून काही उतरल्यासारखं झालं. खरं सांगतो, बरं वाटलं. मी मामाजींकडे पाहिलं; मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याशी इतकं लांब ते कधी बोलले नव्हते.

"आता बरं वाटलं तुमाले?" ते हळूच म्हणाले, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "ती मले बोलत होती, म्या ऐकून घेत होतो. माहं काय जात होतं? पस्तीस वर्षं पॅसेंजरच्या शिव्या खाल्ल्या. आता ती मले नाही बोलनार. आता पोरीच्या नावानं रडन. हे कोनाच्या घरी देलं आपन पोरीले, असं म्हणन. ते थांबवता येते का तुमाले?"

"मामाजी, खरं सांगा लागत होतं..."

"मले सांगा लागत होतं. त्या दिवशी. इचारून." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "म्या तुमाले सांगतलं असतं का नसतं, ते मलेही नाही माहीत. पन तुमी इचारलं असतं तं निदान मले माहीत झालं असतं."

आतून सासूबाईंच्या मोबाइलची बटणं वाजली. त्यांना बटणांचा आवाज बंद करता येत नाही. कोणाला लावत होत्या ते आम्हा दोघांनाही कळलं. बायकोला मी अजून सांगितलं नव्हतं.

मामाजींनी वॉकर पुढे ओढला आणि जोर लावून उठले. फोन घ्यायलाच निघाले असावेत. एक पाऊल टाकलं, वॉकर सरकवला, दुसरं टाकलं, थांबले. नळीची पिशवी खुर्चीच्या हाताला अडकली होती. आतलं दार पाच-सहा पावलांवर होतं.

मी उठून आत जाऊ शकत होतो. मी पिशवी सोडवून दिली आणि परत बाजेवर बसलो. आत सासूबाई म्हणाल्या, "हॅलो, बाई?"